जुनी चांदी काढावी काय ?



दाढेला कीड लागली, वैद्यानें ती कोरून काढली आणि पोकळी बुजवली, म्हणजे आपल्याकडे "दाढेंत चांदी भरली" असें म्हणावयाचें. या बोलण्यांत थोडी मौज आहे. त्या भरणाच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग पाऱ्याचा असतो. उरलेल्या निम्म्यांत चांदी, कथील व तांबें यांची भुकटी. नांव मात्र एकट्या चांदीला मिळालें. आतां काळ फिरला आहे. ज्या घरांत चांदी भरल्याचें कौतुक होत असे, त्याच घरांत "आजोबा, तुमच्या तोंडांत पारा आहे, तो आधीं काढून टाका आणि दांताच्या रंगाचें भरून घ्या" असा आग्रह नातवंडें करूं लागलीं आहेत. या आग्रहांत खरें किती आणि भीतीचें किती, व केवळ शोभेसाठीं जुनें, धडधाकट भरण काढतांना आपण नेमकें काय गमावतों, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी दंतवैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि खडूच्या धुळींत नोकरी संपवून घरीं बसलों. परंतु माझ्या खालच्या दोन दाढांत, एक डावीकडे व एक उजवीकडे, तिशीच्या आंत भरलेली चांदी होती, आणि गेल्या दोन वर्षांत त्या दोहोंविषयीं मला निर्णय करावा लागला. त्या निमित्तानें जें वाचलें, विचारलें व पडताळून पाहिलें, तें आपणांपुढें ठेवतों.

पारा हा धातु मोठा विलक्षण. तो इतर कित्येक धातूंस आपल्यांत सामावून घेतो. सोनार मंडळी पूर्वीं याच गुणाचा उपयोग करून तांब्या-पितळेवर सोन्याचा मुलामा चढवीत. सोनें पाऱ्यांत कालवावयाचें, तें वस्तूवर माखावयाचें आणि वस्तु तापवावयाची. पारा वाफ होऊन उडून जाई व सोनें मागें राही. जुन्या आरशांच्या पाठीला कथील व पारा यांचा थर असे. आज तेथें पारा नसतो, तरी "आरशाचा पारा उडाला" हें बोलणें आपण सोडलेलें नाहीं. दांतांतलें भरण त्याच कुळांतलें. धातूंच्या भुकटींत पारा घालून घोटलें कीं मऊ लगदा होतो. तो पोकळींत ठासून बसवतां येतो, थोड्या वेळांत आवळूं लागतो आणि पुरता कठीण व्हावयास त्याला जवळजवळ एक दिवस लागतो. "आज या बाजूनें चावूं नका" असें वैद्य सांगत, तें यासाठीं.

चीनमध्यें तांग राजवटींतल्या इ. स. ६५९ च्या औषधिग्रंथांत अशा लगद्याचा उल्लेख सांपडतो. युरोपांत तो १८२६ च्या सुमारास पॅरिस शहरीं तावो नांवाच्या गृहस्थानें वापरला. अमेरिकेंत तो नेला क्रॉकूर बंधूंनीं, १८३३ सालीं, आणि तो नेतांना त्याला "रॉयल मिनरल सक्सिडेनियम" असें भारदस्त नांव दिलें. नांव राजेशाही, पण काम बेफिकिरीचें. कीड नीट न काढतांच ते वरून लगदा ठोकून देत. तेथील प्रतिष्ठित दंतवैद्य खवळले. त्यांच्या संस्थेनें १८४५ सालीं ठराव केला कीं, सभासदानें हा पारा कधींही वापरणार नाहीं अशी प्रतिज्ञा लिहून द्यावी. पुष्कळांनीं ती दिली नाहीं, भांडणें विकोपास गेलीं आणि १८५६ सालीं ती संस्थाच बंद पडली. म्हणजे आपल्या नातवंडांचा वाद आजचा नव्हे. त्याला पावणेदोनशें वर्षें होऊन गेलीं आहेत. पुढें शिकागोच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धातूंचें प्रमाण शास्त्रशुद्ध बसवून दिलें, तेव्हां कोठें हें भरण भरवंशाचें झालें. १९६३ नंतर त्यांत तांब्याचा अंश वाढवण्यांत आला व तें अधिक टिकाऊ झालें.

तें इतकें टिकलें कां, हेंही समजून घेतलें पाहिजे. तें स्वस्त आहे, भरावयास वेळ लागत नाहीं, आणि भरतेवेळीं तोंडांत थोडी ओल राहिली तरी तें रुसत नाहीं. आणखी एक गुण असा कीं, ज्याला आपण दोष समजतों. चांदीच्या कडेला जो काळसर गंज धरतो, तो चांदी व दांत यांमधील बारीक फट हळूहळू बुजवून टाकतो. आपण आरशांत पाहून "कडेला काळें झालें, कीड लागली" असें म्हणून घाबरतों. आणि तो काळेपणा बहुधा त्या भरणाची स्वतःची राखण असतो. कीड आहे कीं नाहीं हें रंगावरून ठरत नाहीं. तपासून आणि जरूर तर क्ष-किरणाचें चित्र काढून ठरतें.

आतां पाऱ्याची भीति. ती अगदीं निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. भरण घट्ट झाल्यावर पारा इतर धातूंशीं बांधला जातो, तरी चावतांना, विशेषतः झोपेंत दांत खाण्याची संवय असणाऱ्यांच्या तोंडांत, अत्यंत अल्प प्रमाणांत त्याची वाफ सुटते. प्रश्न एवढाच कीं, तेवढ्यानें अपाय होतो काय ? याची परीक्षा करण्यासाठीं पोर्तुगालमधील लिस्बन येथें ५०७ व अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांत ५३४ मुलें घेण्यांत आलीं. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून एका गटाला चांदी व दुसऱ्याला पांढरें भरण करण्यांत आलें. लिस्बनच्या मुलांवर सात वर्षें आणि न्यू इंग्लंडच्या मुलांवर पांच वर्षें लक्ष ठेवलें. निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. चांदीवाल्या मुलांच्या लघवींत पारा किंचित् अधिक आढळला, हें खरें. परंतु बुद्धि, स्मरण, लक्ष यांच्या कसोट्यांत किंवा मूत्रपिंडाच्या कार्यांत चांदीमुळें अपाय झाल्याचें दिसलें नाहीं. जन्मभर मुलांच्या स्मरणशक्तीशीं झगडलेल्या माणसाला हा पुरावा विशेष वजनदार वाटला, हें सांगावयास नको.

अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें सप्टेंबर २०२० मध्यें सावधगिरीचा सल्ला दिला. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुलें, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे रोगी, आणि ज्यांस पाऱ्याचें वावडें आहे असे लोक, यांना शक्य तोंवर नवी चांदी भरूं नये. पण त्याच पत्रकांत पुढें असेंही म्हटलें आहे कीं, सुस्थितींत असलेली जुनी चांदी वैद्यकीय कारणावांचून काढूं नये. पहिलें वाक्य घरोघर पोंचलें. दुसरें वाटेंत गळालें.

अशीच गफलत मिनामाता कराराच्या बाबतींत होते. जपानच्या मिनामाता गांवीं कारखान्याच्या सांडपाण्यांतून समुद्रांत गेलेला पारा माशांत आला व माशांतून माणसांच्या पोटांत गेला. तो रोग १९५६ सालीं उघडकीस आला. तो पारा मिथिल-पारा या स्वरूपाचा होता, दाढेंतल्या धातुरूप पाऱ्याहून अगदीं निराळा आणि कितीतरी घातक. त्या गांवाच्या नांवानें २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ सालीं तो अमलांत आला आणि २०१८ सालीं हिंदुस्थाननें त्याला मान्यता दिली. नॉर्वे व स्वीडन यांनीं त्यापूर्वींच चांदी भरणें बंद केलें होतें. युरोपीय संघानें १ जानेवारी २०२५ पासून तें, अपवाद सोडून, बंद केलें. आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें जिनीव्हा येथें करारांतील राष्ट्रांनीं २०३४ पर्यंत सर्वत्र तें थांबवावें असें ठरवलें.

हें ऐकून माणूस म्हणतो, "जगानें बंदी घातली, मग माझ्या तोंडांत कां ठेवूं ?" पण बंदी कशाची, तें पाहावें. खाणींतून निघालेला पारा, दवाखान्याच्या मोरींतून नदीनाल्यांत जाणारा पारा, आणि, ऐकावयास बरें वाटत नाहीं तरी सांगतों, माणूस गेल्यावर चितेच्या धुरांतून हवेंत मिसळणारा पारा, यांचा जगाच्या पाण्याला व मासळीला उपद्रव होतो, म्हणून नव्या चांदीचा रिवाज बंद करावयाचा आहे. ज्यांच्या दाढांत ती अगोदरच स्वस्थ बसली आहे, त्यांनीं ती उपटून काढावी असें त्या करारांत कोठेंही म्हटलेलें नाहीं. उलट पाऱ्याची वाफ सर्वांत अधिक सुटते ती जुनी चांदी कोरून काढतांना. भीतीपोटीं ती काढणें म्हणजे ज्याची भीति, त्यालाच बोलावणें धाडणें होय.

परंतु माझ्या मतें पाऱ्याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. ती गोष्ट म्हणजे खुद्द दांत.

चांदी दांताला चिकटत नाहीं. ती पोकळींत अडकून राहते. त्यासाठीं वैद्याला पोकळीचा आकार लोट्यासारखा करावा लागतो, तोंड किंचित् अरुंद आणि पोट किंचित् मोठें, म्हणजे भरण वर निघून येत नाहीं. अर्थात् चांदी भरतांना थोडा निरोगी दांतही गेलेला असतोच. आतां ती काढावयाची म्हटली म्हणजे पुन्हां ड्रिल फिरलें पाहिजे, आणि ड्रिलच्या टोंकाला "येथवर परका, येथून पुढें आपला" हें कळत नाहीं. कितीही सावध हात असला तरी कडेचा थोडा थोडा दांत जातो. तरी चांदीचा रंग वेगळा असतो, त्यामुळें सीमा डोळ्यांस दिसते. पांढऱ्या भरणाचें तसें नाहीं. त्याचा मोठा गुण हाच कीं तें दांतासारखें दिसतें, आणि तें पुढेंमागें काढावयाची वेळ आली म्हणजे हाच गुण अवगुण ठरतो. कोठें भरण संपलें आणि कोठें दांत लागला हें दिसेनासें होतें व अधिक दांत कोरला जातो.

लहान भोंकाचें मोठें होतें, मोठ्याची भिंत पातळ होते, पातळ भिंत तुटते, मग कॅप येते. पोकळी नसेपाशीं गेली असेल तर नस काढून रूट कॅनल करावें लागतें. आणि तेंही फसलें तर दाढ उपटावी लागते. प्रत्येक बदल हा या उतरणीवरचा एक टप्पा आहे. कारण असेल तर तो टप्पा उतरलाच पाहिजे, त्याला इलाज नाहीं. पण दांताचें कठीण कवच एकदां गेलें कीं शरीर तें पुन्हां घडवीत नाहीं. हाड मोडलें तर सांधतें, कातडी फाटली तर भरून येते. दांताच्या कवचाला ही सवलत निसर्गानें दिलेली नाहीं.

मग बदलण्याचें खरें कारण कोणतें ? चांदीला तडा गेला, ती हालूं लागली, तिच्या कडेखालीं नवी कीड शिरली, दांताची भिंत तुटली, चावतांना कळ येते, दोन दाढांच्या फटींत घास अडकून हिरडी सुजते, हीं सर्व सबळ कारणें आहेत. कधीं कधीं भरणाला लागून असलेल्या गालाच्या आंतल्या भागावर पांढरट रेघा किंवा चट्टा उठतो. तो त्या धातूच्या वावड्यानें आलेला असूं शकतो, आणि तेव्हां वैद्यानें तपासून भरण बदलणें योग्य. कडा थोडी खरबरीत झाली असेल तर पुष्कळदां घासून गुळगुळीत करून किंवा तेवढाच कोपरा बुजवूनही काम भागतें, सबंध भरण काढावें लागत नाहीं. मात्र या किरकोळ दुरुस्तींत वैद्याला मिळकत कमी आणि रोग्याला कौतुक कमी, म्हणून तिची आठवण दोघांनाही कमीच होते.

माझ्या उजव्या दाढेची हकीकत यासाठींच सांगतों. घरांत लग्नकार्य होतें, फोटोंत दाढ काळी दिसते म्हणून सूनबाईनें सुचवलें, आणि मी एका दवाखान्यांत गेलों. तेथील गृहस्थांनीं तोंड उघडावयास सांगितलें, दिवा फिरवला, आणि क्ष-किरण वगैरे कांहीं न काढतांच सांगितलें कीं दोन्ही चांद्या एकाच बैठकींत काढून पांढरें भरूं, एकत्र केल्यास दरांतही सूट देऊं. मोठें दुकान असावें तसा तो व्यवहार होता. दाढ दुखते काय, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. मी विचार करून सांगतों म्हणून उठलों.

पुढच्या आठवड्यांत माझ्या शाळेंत शिकलेली एक मुलगी, आतां ती स्वतः दंतवैद्य आहे, तिच्याकडे गेलों. तिनें आरसा व सळई घेऊन दोन्ही दाढांच्या कडा बारकाईनें तपासल्या, क्ष-किरणाचीं लहान चित्रें काढलीं, आणि उजव्या दाढेकडे बोट करून म्हणाली, "सर, हिला हात लावायचं मला काही कारण दिसत नाही. कडा घट्ट आहेत, खाली कीड नाही."

"अगं, पण काळी दिसते ना !"

"काळी दिसते ती चांदी, सर. आणि खालची मागची दाढ दिसायला माणसानं मोठ्यानं हसावं लागतं. वर्गात तर तुम्ही कधी हसल्याचं आम्हांला आठवत नाही !"

यावर मला काय बोलावें हें सुचलें नाहीं. तिनें त्या दाढेची चांदी फक्त घासून उजळ करून दिली. ती दाढ आज तशीच आहे.

डाव्या दाढेचें मात्र प्रकरण वेगळें निघालें. तिची जिभेकडची भिंत चिरल्याचें तिनें तेव्हांच दाखवलें होतें, आणि मी दुसरी तारीख घेऊन परततों न परततों तोंच फुटाणे खातांना त्या भिंतीचा तुकडा हातांत आला. येथें कारण स्पष्ट होतें. शिल्लक कडा हिरडीच्या वर आहेत, तेथें कोरडें राखतां येईल, म्हणून पांढरें भरण चालेल; आणखी एक भिंत गेली असती तर कॅपच घालावी लागली असती, असें तिनें सांगितलें.

हें पांढरें भरण म्हणजे काय ? त्याला काँपोझिट म्हणतात. एक प्रकारची राळ आणि तिच्यांत मिसळलेली कांचेची वा गारेची अतिसूक्ष्म भुकटी, असें तें मिश्रण आहे. त्याच्या जन्माची कथा दोन टप्प्यांची आहे. पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधीं त्यावर फॉस्फरिक आम्ल लावीत. अमेरिकेंतील मायकेल बुओनोकोर यांना वाटलें, हीच युक्ति दांताच्या कवचावर कां करूं नये ? १९५५ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, आम्लानें कवचाचा पृष्ठभाग सूक्ष्म खांचांनीं भरतो व राळ त्यांत मुरून पक्की धरून बसते. पुढें राफेल बोवेन यांनीं त्यासाठीं योग्य अशी राळ तयार केली, ती १९६२ सालीं. चांदी अडकून बसते, काँपोझिट चिकटून बसतें. दोहोंत मुख्य फरक हा. त्यामुळें आज एखाद्या तरुणाच्या दाढेला लहानशी नवी कीड लागली असेल, तर काँपोझिटच उत्तम. लोट्याचा आकार करावा लागत नाहीं, किडलेलें तेवढेंच काढून भागतें. माझा आक्षेप काँपोझिटला नाहीं. तें भरण्यासाठीं निर्दोष भरण मोडण्याला आहे.

आणि यांत कापूरही आहे बरें ! राळ मऊ असते. तिच्यावर निळा प्रकाश पाडला कीं कांहीं सेकंदांत ती दगडासारखी होते. तो प्रकाश शोषून घेऊन ही क्रिया सुरू करणारें जें द्रव्य त्यांत बहुधा घातलेलें असतें, त्याचें नांव कँफरक्विनोन, आणि तें कापरापासून बनवतात. ज्या कापरानें आपण आरती करतों, त्याचा हा दूरचा नातलग दाढेंत बसून प्रकाशाची वाट पाहतो, ही कल्पना मला फार आवडली.

कामाचा क्रम असा झाला. सुरुवातीलाच, दांत ओला असतांना, तिनें रंग जुळवून घेतला. कारण दांत कोरडा पडला कीं नेहमींपेक्षां पांढरा दिसूं लागतो व रंग चुकतो. मग दाढ बधिर करून तिच्याभोंवतीं रबराचा पातळ पडदा बसवला, भोंकांतून दाढ तेवढी वर आली. हा पडदा अमेरिकेंतील बार्नम नांवाच्या दंतवैद्यानें १८६४ सालीं काढला, आणि जुनी चांदी काढतांना त्याचा दुहेरी फायदा आहे. चांदीचे कण घशांत जात नाहींत, आणि नंतर लाळ दाढेंत येत नाहीं. चांदी दळून न काढतां तिला दोन-तीन छेद दिले व तुकडे उचलून घेतले. वर सारखें थंड पाणी, बाजूला जोराची ओढ असलेली नळी. वाफ कमीत कमी सुटावी म्हणून हा खटाटोप. (गर्भवती स्त्रियांनीं हें काम तांतडी नसल्यास पुढें ढकलावें, असें म्हणतात तें याच कारणानें.) खालीं नसेच्या बाजूला तपकिरी पण कठीण थर लागला, तो तिनें तसाच राखला. रंग बदललेलें सगळें खरवडून काढलें असतें तर नस उघडी पडण्याची भीति होती.

नंतर आम्ल, धुणें, चिकटवणारा द्रव, आणि मग भरणाचे थर. एक थर सुमारें दोन मिलिमीटर, त्यावर निळा प्रकाश, पुन्हां थर, पुन्हां प्रकाश. एकदम सगळें कां भरीत नाहीं, म्हणून मीं हातानेंच खूण करून विचारलें. तिनें सांगितलें कीं हें द्रव्य कठीण होतांना आकसतें, आकारमानानें शेंकडा दोन-तीन इतकें. एकदम भरलें तर आकसून कडेपासून सुटण्याचा संभव वाढतो, आणि जाड थराच्या तळापर्यंत प्रकाशही नीट पोंचत नाहीं. थर जाड घालतां येतील अशीं नवीं द्रव्यें आतां मिळतात, पण या दाढेला सावकाशच बरें. सगळें मिळून तासभर लागला. चांदी याच्या निम्म्या वेळांत भरून झाली असती.

हा तास म्हणजेच या भरणाची खरी किंमत. काँपोझिटला ओल खपत नाहीं. लाळेचा किंवा रक्ताचा थेंब मध्यें आला कीं चिकटणें बिघडतें, आणि बिघडलेलें बाहेरून दिसत नाहीं. वर्षा-दोन वर्षांनीं खालून कीड शिरल्यावर कळतें. कॉक्रेन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समीक्षामंडळानें २०१४ सालीं व पुन्हां २०२१ सालीं दाढांतील दोन्ही भरणांची तुलना तपासली. ज्या प्रयोगांवर ती आधारली होती त्यांत काँपोझिट निकामी होण्याचें प्रमाण चांदीच्या जवळजवळ दुप्पट होतें, आणि मुख्य कारण पुन्हां लागलेली कीड. द्रव्यें तेव्हांपेक्षां सुधारलीं आहेत, हें मान्य. तथापि घाईघाईनें एकाच बैठकींत चार-चार दाढा उरकणाऱ्याच्या हातीं तें सुधारलेलें द्रव्य तरी काय करणार? हिरडीखालीं गेलेल्या, कोरडी न राहणाऱ्या पोकळींत जाणता वैद्य काँपोझिटचा हट्ट धरीत नाहीं. तेथें तो १९७२ च्या सुमारास इंग्लंडमध्यें निघालेलें ग्लास आयोनोमर नांवाचें सिमेंट वापरतो. तें ओल थोडी अधिक सोसतें, पण चावण्याच्या माऱ्याला तितकेंसें टिकत नाहीं.

भरून झाल्यावर निळा कागद दांतांत धरून चावावयास लावतात. तो भाग हंसण्यावारी नेऊं नये. बधिरपणांत नीट चावतां येत नाहीं, आणि केसाएवढा उंचवटा राहिला तरी घरीं गेल्यावर पहिल्या घासाला कळ येते. तशी आली तर "बसेल हळूहळू" म्हणून वाट पाहूं नये, परत जाऊन घासून घ्यावें. मी तिसऱ्या दिवशीं गेलों आणि दोन मिनिटांचें काम झालें. थंड-गरम लागणें कांहीं दिवस चालतें व बहुधा आपोआप थांबतें. रात्रीं न झोपूं देणारा ठणका मात्र निराळा; तो नसेचा निरोप असतो. आणखी एक, चहा, हळद व पान यांचा डाग काँपोझिटवर कालांतरानें चढतो. माझ्या दाढेच्या कडेला दोन वर्षांत फिकट पिवळी रेघ उमटलीच आहे. ज्या घरांत वरण रोज पिवळें होतें, तेथें दाढ कायम विलायती रंगाची राहील ही अपेक्षाच जादा आहे.

काढलेल्या चांदीचे तुकडे तिनें घट्ट झाकणाच्या बरणींत टाकलेले मीं पाहिले. तीस-पस्तीस वर्षें तोंडांत वागवलेली वस्तु, शिवाय नांवानें चांदी. पुडींत बांधून घरीं न्यावी असें मला वाटलें व मीं तसें म्हणूनही पाहिलें. ती हंसली आणि नको म्हणाली. हे तुकडे कचऱ्यांत किंवा मोरींत टाकावयाचे नसतात, सोनाराच्या आगीवर तर मुळींच न्यावयाचे नसतात, कारण तापवले कीं त्यांतला पारा वाफ होऊन थेट श्वासांत जातो. बरणी भरली कीं ती असा कचरा घेणाऱ्यांकडे जाते. तिच्या बरणींत त्या दिवशीं माझ्या चांदीखालीं आणखी पुष्कळांची चांदी होती, आणि झाकणावर तारीख लिहिलेली होती.